नंबर कोणाचा?

बनसोड काका कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी उलटी करत. बिस्किटाचा पुडा असो, औषधाची बाटली असो, नाहीतर कोणी कौतुकाने आणून दिलेला मिठाईचा डबा. पुढची चित्रंबित्रं त्यांना दिसतच नसत. मागच्या काळ्या रेघा सापडल्या की कपाळावरचा चष्मा खाली येई आणि रेघांखालचे आकडे ते पुटपुटत वाचून काढत. मग समोर जो असेल त्याला विचारत, "हा नंबर कोणाचा हाय?" बिस्किटाच्या पुड्यावरचा नंबर बिस्किटवाल्याचाच असणार, हे कोणालाही कळतं. पण तसं म्हटलं की काका म्हणत, "तू पाह्यलं का कागद?" आणि पुढचा अर्धा तास गेलाच समजा.

माझं भिलाईच्या वैशाली नगरात लेबलं आणि पत्रिका छापायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, एक कटर आणि मी. काका मागच्या गल्लीत राहायचे. इथल्या पोलादाच्या प्लांटच्या सेंट्रल स्टोअरमध्ये छत्तीस वर्षं काढून रिटायर झालेले. सकाळी दहाला येत, दारालगतच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत आणि काकूंचा जेवायला या म्हणून फोन आला की उठत. कामाला मी त्यांना ठेवलं नव्हतं. त्यांनीच स्वतःला ठेवून घेतलं होतं, आणि ते रविवारीसुद्धा हजेरी लावत.

पहिल्यांदा आले ते दारावरची पाटी करून घ्यायला. नाव, आणि नावाखाली त्यांचा प्लांटमधला पर्सनल नंबर. आता भिलाईत हे नवं नाही. इथे माणूस लग्नाची तारीख विसरेल, पर्सनल नंबर नाही विसरायचा. दवाखाना त्या नंबरावर, क्वार्टर त्या नंबरावर. आम्ही प्लांटवाल्यांची पोरं पाढ्यांच्या आधी बापाचा नंबर पाठ करायचो. पण रिटायर झाल्यावर स्वतःच्या घराच्या पाटीवर तो कशाला? मी तसं विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "रिटायर मी झालो वं. नंबर नाही झाला."

त्यांच्या स्टोअरची एक रीत होती, ती ते आल्यागेल्याला सांगत. एखादा सुटा भाग वापरातून गेला की रजिस्टरात त्याच्या नंबरावर लाल रेघ मारायची, आणि तो नंबर पुन्हा कशालाही द्यायचा नाही. वीस वर्षांनीसुद्धा नाही. मेल्या नटबोल्टाचा नंबर जित्या नटबोल्टाला दिला तर एक दिवस कोणीतरी चुकीचा बोल्ट लावेल आणि क्रेन खाली येईल, असं त्यांचं म्हणणं. क्रेन खाली आलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्याचं श्रेय ते लाल रेघेला देत.

रिटायर झाल्यावर त्यांनी फोनवर बारकोडाचा अभ्यास सुरू केला आणि माझं डोकं खाल्लं. मला समजलं ते एवढंच: रेघा कोणाच्याच नाहीत, रेघा कोणीही छापाव्या. पण दुकानोदुकानी चालणारे आकडे मात्र एका संस्थेकडून आपल्या नावावर रीतसर घ्यावे लागतात, दरसाल नवे करावे लागतात. दुसऱ्याचे आकडे उचलले तर ती चोरी. आणि तो चौकोनी कोड असतो ना, फोनने पैसे देतो तो? तो चौकोन छापायला कोणाची ना नाही. पण 'क्यूआर कोड' हा शब्द एका जपानी कंपनीचं नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. शब्द छापला तर ते खाली लिहायचं, असं त्या कंपनीचं म्हणणं. जगात हे म्हणणं किती जण पाळतात मला ठाऊक नाही. वैशाली नगरात एक जण पाळत होता.

त्यापायी लांजेवारांच्या मुलीच्या पत्रिकेचं जे झालं ते सांगते. लांजेवार रेल्वेत होते, एकुलती एक मुलगी, हौस दांडगी. पत्रिकेवर हॉलचा रस्ता दाखवणारा चौकोन हवा होता, आणि त्याच्यावर ठळक अक्षरांत 'क्यूआर कोड स्कॅन करा'. काका खुर्चीतून म्हणाले, शब्द काढा नाहीतर ओळ टाका. लांजेवार म्हणाले, शब्द राहील, बाकी काय टाकायचं ते टाका. त्यांना घाई होती. मी ओळ टाकली. चारशे पत्रिका छापून गेल्या. वधू, वर, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, आपले नम्र, आणि सगळ्यांत खाली, 'क्यूआर कोड हे जपानच्या अमुक कंपनीचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे.' कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. काकांनी परवानगीचा कागद मागितला असता.

तिसऱ्या दिवशी लांजेवार पत्रिका घेऊन दुकानात आले. वरपक्षाकडून फोन आला होता की हे जपानवाले तुमचे कोण, आणि त्यांची उतरायची सोय कोणी करायची. मला जमीन दुभंगावी असं झालं. काकांनी मात्र पत्रिका हातात घेतली, ओळ नीट वाचली आणि म्हणाले, "बरोबर छापलं हाय." लांजेवारांनी पुढे दोन महिने माझ्या दुकानाकडे पाहिलं नाही. लग्नात मी लपूनछपून जेवत होते. काका आहेर देऊन, वराच्या काकाला व्यापारचिन्ह म्हणजे काय ते समजावत, पहिल्या पंगतीत बसले.

मी चिडायचे त्यांच्यावर. गिऱ्हाईक परत जायचं आणि हे दाराशी बसून त्याला नमस्कार करायचे. एकदा मी काकूंकडे जाऊन चांगलीच बडबडले, की काकांना सांगा, माझं दुकान आहे, सरकारी ऑफिस नाही. काकू तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं ते मी विसरू शकत नाही.

प्लांट उभा राहत होता तेव्हा काकांचे वडील भंडाऱ्याकडून मजुरीला आले. ठेकेदाराच्या हजेरीत जागा नव्हती. एक माणूस गावी निघून गेला होता, मुकादमाने त्याच्या नावावर यांना लावलं. त्या माणसाच्या नावाने, त्याच्या नंबरावर त्यांनी दोन वर्षं माती उचलली. मग पक्क्या नोकऱ्या निघाल्या, हजेरी पाहून. तो माणूस गावाहून आला आणि त्या हजेरीवर नोकरीला लागला. काकांचे वडील मुकादमाकडे गेले तर मुकादम म्हणाला, तुझं नाव कुठे आहे, दाखव. ते शेवटपर्यंत ठेकेदारीतच राहिले. "तुले वाटते हे येडे हायेत," काकू म्हणाल्या, "सासरे आमचे मरेपर्यंत दुसऱ्याच्या नावाची हाक आली की वळून पाहेत." मी घरी आले आणि त्यानंतर काकांच्या खुर्चीवर एक उशी ठेवली.

सुमनबाई उके दुकानात आल्या त्या याच सुमाराला. भिलाईतल्याच खुर्सीपार वस्तीतल्या. नवरा गेलेला, मुलगी कॉलेजात, आणि त्या प्लांटमध्ये ठेक्यावर झाडलोट करत. त्यांच्या हाताला जवसाच्या चटणीची अशी चव होती की शेजारच्या दुर्ग शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या मॅनेजरने ती डब्यातून खाऊन पाहिली आणि आमच्या रॅकवर ठेवा म्हणाला. सुमनबाईंनी त्या भरवशावर ठेक्याचं काम सोडलं. मॅनेजरची अट एकच, पाकिटावर बारकोड पाहिजे, सोमवारपर्यंत.

लेबल त्या तयारच घेऊन आल्या होत्या, मुलीने फोनवर केलेलं. पुढे जवसाची निळी फुलं, मागे बारकोड. मी म्हटलं, छान आहे, छापते. काकांनी ते उलटं केलं, चष्मा खाली ओढला, आकडे पुटपुटले आणि उठून माझ्या मोरीत गेले. परत आले ते हँडवॉशची बाटली घेऊन.

"हा नंबर याचा हाय," ते म्हणाले.

मुलीने घरातल्या बाटलीवरून कोड कापून चिकटवला होता. रेघा आहेत ना, म्हणजे झालं, असं तिला वाटलं. सुमनबाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं आपण चोरी करताना सापडलो. काकांनी त्यांना बसवलं, रीतसर नंबर कसा मिळतो ते सांगितलं. पण त्याला कागद लागत होते, उद्योगाची नोंदणी लागत होती, दिवस लागणार होते. सोमवार चार दिवसांवर. सुमनबाई म्हणाल्या, "भाऊ, मी तं काम सोडून बसली." एवढंच म्हणाल्या.

दोन दिवस काका दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते दुर्गच्या कोर्टासमोरून स्टॅम्पपेपर टाइप करून घेऊन. त्याआधी ते त्या मॅनेजरला भेटून आले होते. मॅनेजरने सांगितलं होतं की आमच्या एका दुकानापुरता कुठलाही नंबर चालतो, सुट्या डाळ-तांदळाला आम्ही आमचेच नंबर देतो. त्यात चोरी नव्हती, काकांनी दोनदा खात्री केली होती. मग प्रश्न उरला नंबर कोणता. दुकानाचा नको, उद्या दुकानवाला म्हणेल चटणी आमची. काकांनी स्वतःचा पर्सनल नंबर दिला.

तो स्टॅम्पपेपर माझ्याकडे अजून आहे. त्यात लिहून देणार वासुदेव बनसोड हे लिहून घेणार सुमन उके यांना आपला नंबर वापरण्याची परवानगी देत होते. फक्त जवसाच्या चटणीसाठी, लोणच्यासाठी नाही. फक्त दुर्गच्या दुकानात, बाहेर नाही. सुमनबाईंनी ही परवानगी परस्पर कोणाला द्यायची नाही, मुलीलाही नाही. आणि चटणीचा दर्जा घसरला तर नंबर परत. हा दर्जा लिहून देणारा दर महिन्याला तपासेल. साक्षीदार म्हणून मी सही केली. मला हसू येत होतं, पण सुमनबाईंनी ज्या तऱ्हेने सही केली, एकेक अक्षर थांबून, ते पाहून हसू गिळलं.

महिन्याच्या पहिल्या तारखेला तपासणी होई. काका घरून भाकर आणत. पाकीट फोडून चटणी भाकरीवर घेत, डोळे मिटून खात आणि वहीत शेरा लिहीत. 'ठीक.' एकदा 'मीठ किंचित जास्त' असा शेरा आला तर सुमनबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. पण चटणी खपत होती. सुमनबाईंनी दोन शेजारणी हाताशी घेतल्या, मिक्सर मोठा घेतला. मुलीची फी त्यांनी पहिल्यांदा वेळेवर भरली, आणि ती पावती दाखवायला खास दुकानात आल्या.

मी अधूनमधून आठवण करायचे, काका, तो रीतसर नंबर काढून टाकू या ना सुमनबाईंच्या नावाने. काका हो म्हणायचे. पण घाई करत नसत. मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. दुर्गच्या त्या दुकानात यंत्रावर त्यांचा नंबर दिवसातून किती वेळा टूं करून वाजत होता. रिटायर झालेल्या माणसाला ते आवडलं होतं.

वर्षभराने मॅनेजरने भिलाईत नवीन दुकान उघडलं. तो काकांना रस्त्यात भेटला आणि म्हणाला, बाबूजी, चटणी वहाँ भी रख दूँ? कागदात लिहिलं होतं, फक्त दुर्ग. ज्या माणसाने चारशे पत्रिकांवर जपानी कंपनीची ओळ टाकायला लावली, त्याने रस्त्यात उभ्या उभ्या, तोंडी, हो म्हटलं. मला येऊन सांगितलं तेव्हा मी विचारलं, कागद? काका म्हणाले, "कागद कायले? माह्या नंबराचा दुसरा माणूस हाय का दुनियेत?"

दुनियेत म्हणजे प्लांटमध्ये. काकांच्या पिढीला या दोन्हींत फरक वाटत नसे. प्लांटमध्ये तो नंबर खरोखरच एकट्याचा होता. नव्या दुकानात मात्र तेच आकडे कोणीतरी आधीच हवाई चपलांना देऊन ठेवले होते.

आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एका बाईंनी बिल वाचलं, चटणीऐवजी दोन जोड चपला. त्यांनी काउंटरवर जे ऐकवलं ते ऐकून मॅनेजरने दोन्ही दुकानांतली चटणी उचलून खोक्यात भरली आणि खुर्सीपारला पाठवून दिली. सुमनबाई खोकं घेऊन माझ्या दुकानात आल्या. रडल्या नाहीत. ठेकेदाराकडे जाऊन आले, म्हणाल्या, माझ्या जागी दुसरी लावली त्याने.

काका खुर्चीतच होते. त्यांनी खोक्यातलं एक पाकीट काढलं, सवयीने उलटं केलं. आकडे वाचले नाहीत. ते परत खोक्यात ठेवलं. मग म्हणाले, "सुमनबाई, हे मी केलं. तुमच्या चटणीवर मी माहं नाव लावून बसलो होतो." सुमनबाई म्हणाल्या, तसं नाही भाऊ. काका म्हणाले, "तसंच हाय. मुकादमानं केलं तेच केलं मी." सुमनबाईंना मुकादम कोण ते ठाऊक नव्हतं. मला होतं. मी प्रिंटरचा कागद उगाच काढून परत लावला.

दुसऱ्या दिवशी ते दुर्गला गेले, चूक माझी आहे असं लेखी घेऊन. मॅनेजरने कागद वाचला नाही, पण म्हातारा माणूस उन्हात आलेला पाहून म्हणाला, बाबूजी, असली वाला बारकोड लाओ, महीना भर रैक पे जगह रखता हूँ. त्या महिन्यात काकांनी मला कॉम्प्युटरवरून उठू दिलं नाही. उद्योगाची नोंदणी, पत्त्याचा पुरावा, फॉर्म. फॉर्ममध्ये मालकाचं नाव या रकान्याशी सुमनबाई अडल्या. भाऊंचं टाका म्हणाल्या, मला काय समजतं, उद्या कोणी विचारायला आलं तर? काकांनी कीबोर्ड माझ्याकडून ओढून घेतला. त्यांना टाइप करता येत नसे. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी 'सुमन' लिहिलं, मग 'उके', आणि कीबोर्ड परत दिला.

नंबर आला तेव्हा महिना संपायला तीन दिवस होते. मी नवीन लेबल केलं. काकांनी ते उलटं केलं, आकडे दोनदा वाचले आणि पहिल्यांदाच काही न विचारता परत दिलं.

चटणी रॅकवर लागली त्या दिवशी आम्ही तिघं दुर्गला गेलो. मला वाटलं काका रॅक पाहायला आलेत. ते थेट काउंटरवर गेले. पिशवीतून जुनं पाकीट काढलं, त्यांच्या नंबराचं, आणि मॅनेजरला म्हणाले, हा नंबर तुमच्या यंत्रातून काढा, आणि पुन्हा कशालेही देऊ नका. मॅनेजरने कंटाळत दोन बटणं दाबली. काकांनी पाकीट यंत्रापुढे धरायला लावलं. पडद्यावर आलं, आयटम नॉट फाउंड. काकांनी परत धरायला लावलं. तेच आलं. तिसऱ्यांदा मागे रांग कुरकुरायला लागली तरी त्यांनी धरायला लावलं, आणि पडद्यावरची अक्षरं वाचून मान हलवली.

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. दुर्गहून आल्यानंतरही ते दुकानात येत होते, पण डोळ्यांसमोर येतात ते त्या दिवशीचे. ते रॅककडे गेले, नवीन लेबलाचं एक पाकीट घेतलं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, काका, घरी खोकंभर चटणी आहे. त्यांनी ऐकलं नाही. नंबर आला. यंत्र टूं करून वाजलं आणि पडद्यावर उमटलं, सुमन उके जवस चटणी, एक नग. काकांनी ते मोठ्याने वाचलं, सुमनबाईंना ऐकू जाईल असं. सुमनबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी कोणी हाक मारल्यासारखं वळून पाहिलं. मग काकांनी बिल घेतलं, चार घड्या घातल्या, शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि उन्हात चालायला लागले. चटणी काउंटरवरच राहिली. ती मी उचलून आणली.